उडवलेले फोटो आधी मोजा

पत्र :

मी चिपळूणजवळ राहते. बाबांचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. गेली सहा वर्षं लग्न, मुंज, बारसं, डोहाळेजेवण अशा बाहेरच्या सगळ्या ऑर्डरी मीच करते. बाबा गुडघ्यांमुळे स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो आणि अल्बमचं बघतात. कॅमेरा निकॉनचा डी ७५० (आतून आरसा असलेला, म्हणजे डीएसएलआर), बाबांनी २०१५ मध्ये घेतलेला. लेन्स तीन (पहिला आकडा मिलिमीटरमधली लांबी, एफ म्हणजे लेन्स किती उघडते; एफ जितका लहान तितकी जास्त) : २४-७० एफ २.८ जी, ८५ एफ १.८ जी आणि बाबांची फार जुनी ८०-२०० एफ २.८ डी. हल्ली पार्टी फोनवर आधी विचारते, "मिररलेस आहे ना?" (म्हणजे आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा.) वैशाखात एक काम त्यावरूनच हातचं गेलं. माझे काही फोटो शार्प येत नाहीत, मनगटही दुखतं. दुकानदाराने निकॉनचा मिररलेस झेड ५ टू आणि २४-१२० लेन्स सुचवली आहे. जुनं सगळं सामान तो बदल्यात घेतो म्हणतो, उरलेल्या पैशांसाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागेल. बाबा म्हणतात, "याच कॅमेऱ्यावर तुझं शिक्षण झालं, त्याला काय झालंय?" खरंच एवढा फरक पडतो का, की नुसतं फॅड आहे?

– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर :

ताई, पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो. "माझे काही फोटो शार्प येत नाहीत." काही म्हणजे किती? आणि कुठले? मंडपातले की घरातले, ८५ वरचे की झूमवरचे, बसलेल्या माणसांचे की चालत्या माणसांचे? तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे आणि ते तुमच्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे. दुकानदाराला ते ठाऊक असण्याचं कारण नाही.

म्हणून आधी काम सांगतो. शेवटच्या तीन लग्नांचे मूळ फोल्डर उघडा. अल्बमला गेलेले फोटो बाजूला ठेवा आणि तुम्ही उडवलेले, म्हणजे बाद केलेले, किंवा बाद करणार होतात ते बघा. एक वही घ्या. फोटो का गेला, ते प्रत्येकापुढे एका शब्दात लिहा : फोकस, हलला, काळा, उडाला (म्हणजे पांढराफटक), डोळे मिटले, मध्ये कुणी आलं. फोकसवाल्यांपुढे कुठली लेन्स आणि चेहरा फ्रेममध्ये कुठे होता, मधे की कडेला, तेही लिहा. एक अख्खा दिवस जाईल, जाऊ द्या. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधीचा हा एक दिवस मला फार मोलाचा वाटतो. मी स्वतः कॅमेरा बदलला तेव्हा हे केलं नव्हतं आणि पहिलं वर्ष नको त्या गोष्टींवर पैसे घालवले.

माझं मत मात्र आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको. तुमच्या कामाला मिररलेसचा खरोखर उपयोग होईल. फॅड नाही. पण दुकानदाराने मांडलेला व्यवहार तुमच्या सोयीचा नाही. जुनं काहीही देऊ नका, आणि नवं घ्यायचं तर आधी फक्त बॉडी (बिनलेन्सचा कॅमेरा) आणि जुन्या लेन्स त्यावर बसवणारा अडॅप्टर घ्या. का, ते आता सविस्तर.

पहिली गोष्ट, बाबा बरोबर आहेत. डी ७५० हा २०१४ चा कॅमेरा, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा), २४ मेगापिक्सेल. झेड ५ टू २०२५ चा, तोही फुलफ्रेम, तोही २४ मेगापिक्सेल. दोन्हींवर एकाच लेन्सने, त्याच उजेडात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा आणि अल्बमच्या आकारात छापा. कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा ते मला सांगता येणार नाही, तुमच्या पार्टीला तर नाहीच. हिशोब साधा आहे. १२ बाय ३६ च्या अल्बममधलं एक पान १२ बाय १८ इंच. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तुमचा कॅमेरा ६०१६ बाय ४०१६ देतो. पानभर फोटो लावून वर थोडं कापायलाही जागा उरते. तेव्हा "नवीन कॅमेऱ्याने फोटो क्लियर येतात" असं जे सर्रास बोललं जातं, ते फोटो नीट फोकसमध्ये असेल तर खरं नाही.

पण फोकसमध्ये असेल तर. सगळी मेख तिथे आहे.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो आणि वर प्रिझममधून तुमच्या डोळ्यापर्यंत जातो. तो आरसा मधल्या भागात थोडा पारदर्शक असतो. तिथून गेलेला उजेड मागच्या एका छोट्या आरशावरून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. म्हणजे फोकस ठरतो एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. या दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असायला हवी. दहा वर्षं बाइकच्या डिकीत, एसटीच्या फळीवर, मंडपातल्या खुर्चीवर आपटलेल्या कॅमेऱ्यात ती केसभर जरी चुकली, तरी तुम्ही डोळ्यावर धरलेला फोकस कानावर बसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं छान दिसतं, ठिपका लाल होतो, बीप वाजतो. घरी आल्यावर कळतं.

८५ वर एफ १.८ ला दोन मीटरवरून फोटो काढलात तर शार्प पट्टा साधारण सहा सेंटिमीटर जाडीचा मिळतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून जास्त आहे. चूक सामावून घ्यायला जागाच नाही.

म्हणून वहीत ८५ पुढे "फोकस" बरेचदा लिहिलं गेलं, तर एक चाचणी करा. फुकट आहे, आणि बाबांना सोबत घ्या. स्टुडिओतल्या टेबलावर एखादा छापील अक्षरांचा खोका सरळ उभा ठेवा, त्याची पुढची बाजू कॅमेऱ्याला समांतर. शेजारी स्टीलची पट्टी ४५ अंशात तिरकी टेकवा, पट्टीचा मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या रेषेत येईल अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन मीटर अंतर, एफ १.८, मधला फोकस पॉइंट. आता व्ह्यूफाइंडरमधून खोक्यावरच्या अक्षरांवर फोकस करून दहा फोटो काढा. प्रत्येक वेळी आधी रिंग फिरवून फोकस घालवा, मग पुन्हा धरा. त्यानंतर लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) चालू करा आणि तसेच दहा काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर असतो आणि फोकस थेट मुख्य सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे आरशाच्या वाटेची चूक तिथे येतच नाही. लाइव्ह व्ह्यूचे फोटो कुरकुरीत आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ, पट्टीवरचा शार्प आकडा पुढे किंवा मागे सरकलेला, असं दिसलं तर दोष सापडला. सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून, म्हणजे फोकसची बारीक दुरुस्ती, आहे. उणे वीस ते अधिक वीसपर्यंत आकडे आहेत. फोकस मागे पडत असेल तर उण्यात जा, पुढे पडत असेल तर अधिकात. पाच-पाचने बदलत बघा. प्रत्येक लेन्सचा आकडा कॅमेरा वेगळा लक्षात ठेवतो. झूमला मात्र सगळ्या लांबीसाठी एकच आकडा देता येतो, त्यामुळे ज्या लांबीवर तुम्ही जास्त काम करता तिथे जुळवा.

ही चाचणी केल्यावर ज्यांनी नव्या कॅमेऱ्याचा बेत वर्षभर पुढे ढकलला, असे फोटोग्राफर मी पाहिलेत. तुमचंही तसं होऊ शकेल. तसं झालं तर मला आनंदच आहे.

आता मिररलेस. नावाप्रमाणे आरसाच नाही. फोटो ज्या सेन्सरवर उमटतो, त्याच्यावरच फोकस ठरतो. दोन वाटा नाहीत, तर त्या चुकणार कशा? फाइन-ट्यूनची ही सगळी खटपट जवळजवळ संपते. आणि दुसरं, जे मला त्याहून मोठं वाटतं : डी ७५० चे ५१ फोकस पॉइंट फ्रेमच्या मधोमध गोळा झालेले आहेत. नवरी कडेला हवी असेल तर तुम्ही मधल्या पॉइंटने तिचा डोळा धरता आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम लावता. वळवताना अंतर थोडं बदलतं आणि सहा सेंटिमीटरचा तो पट्टा हातातून निसटतो. मिररलेसमध्ये पॉइंट जवळजवळ पूर्ण फ्रेमभर असतात आणि कॅमेरा चेहरा, चेहऱ्यातला डोळा स्वतः ओळखून धरून ठेवतो. तुम्ही नुसती फ्रेम लावायची.

अंतरपाटाचा क्षण घ्या. शेवटची मंगलाष्टका चालू आहे. भटजी एका टोकाला, मामा नवरीच्या मागे, करवल्या कलश घेऊन दोन्हीकडे. "शुभमंगल सावधान" झालं की अंतरपाट बाजूला होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. तो बघण्याचा क्षण फार तर दोन सेकंदांचा. त्याच दोन सेकंदांत तीनशे माणसं अक्षता फेकतात, वाजंत्री सुरू होते, कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात तुमच्या लेन्ससमोर येतो. डी ७५० ला नवरीच्या चेहऱ्यावर पॉइंट ठेवून तुम्ही टपून बसता. ती जरा हलली की फोकस मागच्या फुलांच्या पडद्यावर. हे फोटो तुमच्या वहीत नक्की सापडतील. या जागी डोळा धरणारा फोकस काय करतो, ते एकदा अनुभवलं की परत जाववत नाही. हात मध्ये येऊन गेला, तरी चेहरा दिसताच कॅमेरा पुन्हा डोळ्यावर येतो. माझा स्वतःचा अनुभव असा की या दोन सेकंदांतले पूर्वी तीन-चार फोटो हाती लागत, आता बहुतेक सगळे लागतात आणि त्यातला कुठला ठेवायचा हा प्रश्न पडतो.

चुकतो का? चुकतो. मुंडावळ्यांचे मणी डोळ्यावरून लोंबत असले की मोठ्या अपर्चरला (लेन्स जास्त उघडी असताना) फोकस कधीकधी मण्यावर बसतो. एफ २.८ वर आलात की तो त्रास बराच कमी होतो. आणि मंडपात सगळीकडे चेहरेच चेहरे असतात. पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर सोपवलीत तर तो मागच्या काकूंना धरेल. छोटा एरिया निवडून तो नवरीवर ठेवायचा आणि तिथून ट्रॅकिंग सुरू करायचं, ही सवय हाताला लागायला महिना जातो.

बारशाचं तर विचारूच नका. बाळ पाळण्यात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" चालू, आत्या कानात नाव सांगायला वाकली आहे, आणि तुमचा आरसा खाड्‌कन वाजतो. क्यू मोड (कमी आवाजाचा) लावला तरी वाजतोच, फक्त जरा दबकत. बाळ दचकलं की आजी तुमच्याकडे कसं बघते ते तुम्हाला मी सांगायला नको. मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाज शून्य. झोपलेल्या बाळाचे हातभर अंतरावरून फोटो काढता येतात.

पण तेच शटर मंडपात लावू नका. हे मी पोळून शिकलो आहे. मिररलेस घेतल्यावरच्या पहिल्याच रिसेप्शनला मी हौसेने सायलेंट मोड लावून गेलो. स्टेजवर एलईडीची रोषणाई होती. छोट्या स्क्रीनवर काही जाणवलं नाही. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर आडवे पट्टे, एक उजळ, एक काळपट, जवळजवळ सगळ्या फोटोंत. जेवढे वाचवता आले तेवढे कृष्णधवल करून दिले, पण त्या घरच्यांचे ते फोटो मी परत आणू शकलो नाही, आणि ते मला अजून लागतं. कारण असं : इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला वेळ लागतो. एलईडी तेवढ्यात कितीतरी वेळा उघडझाप करतो. काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. निकॉनच्याच झेड ९ सारख्या कॅमेऱ्यांत सेन्सर इतक्या झपाट्याने वाचला जातो की त्यांना यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. पण तो पैसा वेगळा. झेड ५ टू चा सेन्सर त्या जातीचा नाही. तेव्हा मंडपात कायम यांत्रिक शटर, सायलेंट फक्त घरात. घरातही आधी दोन फोटो काढून मोठे करून बघायचे, कारण आता घरोघरी एलईडीच आहेत.

आणखी दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. अंधारात डी ७५० वर फ्लॅश लावला की फ्लॅशमधून लाल जाळी पडते आणि तिच्या आधारे फोकस पटकन बसतो. वरातीत तुम्ही यावर नक्कीच विसंबत असाल. झेड मालिकेच्या कॅमेऱ्यांना ती लाल जाळी उपयोगी पडत नाही. त्यांचा स्वतःचा अंधारातला फोकस चांगला आहे, पण ती सवय मोडावी लागेल. दुसरं, स्टुडिओत ट्रिगरवर लाइट लावून एफ ८ ला काम कराल तेव्हा व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसेल. कॅमेरा बिघडलेला नसतो. लाइट पडण्याआधीचा खरा अंधार तो दाखवत असतो. मेनूत जाऊन सेटिंगचा परिणाम दाखवणं बंद केलं की पूर्वीसारखं दिसतं.

त्याच दाखवण्याचा बाहेर मात्र फार फायदा. फोटो काढण्याआधीच किती उजळ, किती काळा येणार ते डोळ्याला दिसतं. पांढऱ्या धोतरातला नवरा आणि मागे भर दुपारचं अंगण, अशा वेळी तुम्ही एक फोटो काढून मागची स्क्रीन बघता, मग दुरुस्त करता. ती खाली मान घालण्याची वेळ वाचते आणि नेमका तेव्हाच निसटणारा क्षणही. वहीत "काळा" आणि "उडाला" बरेच निघाले तर हा मुद्दा धरा.

बॅटरीचा हिशोब मनात ठेवा. डी ७५० एका चार्जमध्ये १२३० फोटो देतो असा कंपनीचा आकडा आहे. झेड ५ टू चा व्ह्यूफाइंडर वापरून ३३० च्या आसपास. प्रत्यक्षात सलग फोटो काढताना दोन्हीकडे जास्त मिळतात, पण झेडची बॅटरी लवकर संपते. तीन बॅटऱ्यांशिवाय लग्नाला जायचं नाही. बरी गोष्ट एवढी की नवी बॅटरी तुमच्या डी ७५० मध्येही चालते, आणि दोन्हींत एसडी कार्डाच्या दोन-दोन जागा आहेत. कार्डं वाया जात नाहीत, दोन्हींवर एकदम फोटो साठवायची तुमची पद्धतही तशीच चालेल.

आता त्या बदलीच्या व्यवहाराकडे येतो, कारण तिथे तुमचं सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे.

तुमची २४-७० आणि ८५ या दोन्ही लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आतच आहे. निकॉनचा एफटीझेड टू अडॅप्टर लावला की त्या झेड ५ टू वर व्यवस्थित चालतात, डोळा धरतात, सगळं करतात. म्हणजे २४-१२० पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही. कर्जाचा मोठा तुकडा तिथेच कमी झाला. पण ८०-२०० डी ही स्क्रूवर चालणारी लेन्स. तिला फोकससाठी कॅमेऱ्यातली मोटर लागते. डी ७५० मध्ये ती आहे, एफटीझेडमध्ये नाही. झेडवर ती लावली तर फोकस हाताने फिरवावा लागेल. दुकानदाराने हे सांगितलं का? बहुधा "सगळ्या लेन्स चालतात" एवढंच सांगितलं असेल. म्हणून ती लेन्स आणि डी ७५० ही जोडी तोडायची नाही. डी ७५० विकायला गेलात तर मिळणारी रक्कम पाहून जीव हळहळेल. तुमच्या खांद्यावर दुसरी बॉडी म्हणून त्याची किंमत कितीतरी जास्त आहे. लग्नात एकच बॉडी घेऊन जाणं मला मुळातच धोक्याचं वाटतं. झेडवर २४-७०, डी ७५० वर ८०-२००. लेन्स बदलण्यात जाणारा वेळही वाचला.

त्या ८०-२०० ला एकदा उजेडासमोर धरून आतून बघा. तुमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. ताबडतोब साफ करून घ्या, वाढू दिलीत तर काचेचं कोटिंग खाते. चामड्याच्या पिशवीत किंवा लाकडी कपाटात लेन्स ठेवू नका. ड्राय कॅबिनेट झेपत नसेल तर रबराची कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर, एवढंही चालतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. नवा कॅमेरा घ्या न घ्या, हे आजच करा.

डी ७५० चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. तुमचा काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) कुठे आहे ते बघा. दीड लाख झाले म्हणजे उद्या बंद पडेल असं नाही, पण मुख्य बॉडी म्हणून त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, कॅननचंही तेच. सुटे भाग आज मिळतात, पुढे मिळणं कठीणच होत जाणार.

मनगटाचं मात्र तुम्हाला वाटतं तसं नाही. डी ७५० बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम, झेड ५ टू ७०० ग्रॅम. त्यात अडॅप्टरचे सव्वाशे मिळवा, फरक संपला. ओझं लेन्सचं आहे. तुमची २४-७० एकटी ९०० ग्रॅम भरते. दुकानदाराने सुचवलेली २४-१२० एफ ४ ची असल्यामुळे ६३० ग्रॅमची आहे आणि तिला अडॅप्टरही लागत नाही. म्हणजे ती लेन्स वाईट नाही, पुढच्या वर्षी जरूर घ्या. तोवर खांद्यावरचा दुहेरी पट्टा घ्या, कॅमेरा सतत हातात धरून उभं राहू नका, आणि मनगट डॉक्टरांना दाखवा. दुखणं अंगावर काढू नका, तुम्हाला अजून तीस वर्षं काम करायचं आहे.

कर्जाचं बोलायचं तर पतसंस्थेत विचारण्याआधी कॅलेंडर उघडा. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, हप्ता मात्र दर महिन्याला आहे. हप्ता ठरवताना वैशाखातल्या कमाईवर ठरवू नका, भाद्रपदातल्या कमाईवर ठरवा. बारसं, डोहाळेजेवण आणि पासपोर्ट फोटो यांच्यावर जो भागेल तोच तुमचा हप्ता. आणि घेण्याआधी हा कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणा, पुण्यात मिळतो. एखादं बारसं आणि घरचा गणपती त्याच्यावर करा, मग परत वही काढा. वहीत लिहिलेल्या चुका कमी झाल्या का बघा. झाल्या तर नवरात्राच्या आधी घ्या, म्हणजे आरती, भोंडला, गरबा यांवर हात बसेल आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला तुम्ही तयार असाल. लग्नसराईच्या तोंडावर नवा कॅमेरा कधीच घ्यायचा नाही. घेताना अधिकृत दुकानातून, जीएसटीच्या बिलासकट, भारतातल्या वॉरंटीसकट घ्या. दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून बिनबिलाचा घेतलात तर पहिल्या दुरुस्तीला पस्तावाल.

एक राहिलं, व्हिडिओ. डी ७५० वर ४के नाही आणि व्हिडिओत फोकस शोधत बसतो. रील मागणाऱ्या पार्ट्या तुमच्याकडे येत असतील तर मिररलेसच्या बाजूने हे मोठं कारण आहे. येत नसतील तर सोडून द्या.

फोनवर "मिररलेस आहे ना?" विचारणाऱ्यांना आज काय सांगायचं? खरं सांगा. "डीएसएलआर आहे, दोन कार्डांवर एकदम फोटो साठवते, आणि परवाच्या लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवते, या बघायला." निवडक दहा फोटो दाखवू नका, पूर्ण अल्बम दाखवा. अंधाऱ्या हॉलमधला असेल तर उत्तम. काही येणार नाहीत. जे येतील ते तुमचं काम बघून येतील.

आणि बाबांना कर्जाचं सांगण्याआधी ती पट्टी आणि खोक्याची चाचणी त्यांच्याच हातून करून घ्या. इतकी वर्षं ते कॅमेरे हाताळत आले आहेत, त्यांना ट्रायपॉड लावून द्या आणि तुम्ही आकडे लिहा. भाड्याचा कॅमेरा आला की तोही पहिल्यांदा त्यांच्या हातात द्या, स्टुडिओतल्या खुर्चीत बसल्या बसल्या. समोर तुम्ही उभ्या राहा, इकडून तिकडे चाला आणि त्यांना व्ह्यूफाइंडरमध्ये तो छोटा चौकोन तुमच्या डोळ्यामागे फिरताना बघू द्या. वहीतले आकडे मला कळवा. तीनही लग्नांचे, लेन्सवार.